गुण आला म्हणजे किती आला?

मृगाच्या दिवशी आक्काकडे गेलं की चप्पल काढायच्या आधी तळहातावर हिंग-गुळाची गोळी पडते. पूर्वी आई द्यायची, आता आक्का देते. मी ती तोंडात टाकतो आणि मग 'गुडघे काय म्हणतात' विचारतो. सांगलीत माझं मेडिकल आहे. एकतीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. गिऱ्हाइकाने तीन प्रश्न विचारले तर मी चार विचारणारा माणूस, पण या गोळीला आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. पावसाळ्यात पोट बिघडत नाही म्हणतात, आणि गूळ गोड लागतो.

यंदा गोळीपाठोपाठ एक बाटली पुढ्यात आली. काळसर रस, सोनेरी बूच, लेबलवर हिरवा डोंगर आणि डोंगरामागून उगवणारा सूर्य.

"एक झाकण घेऊन बघ," आक्का म्हणाली. "उपाशीपोटी घ्यायचं असतं, पण चवीपुरतं चालेल."

"केवढ्याला?"

"आधी किंमतच विचार तू."

"दुसरं काय विचारणार? धंदाच तो."

"साडेअकराशे. तीन घेतल्या की चौथी निम्म्यात."

"म्हणजे स्कीम आहे."

"तुझ्याकडे नसतात वाटतं?"

इथून जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं आणि उरलेलं पुढे फोनवर. जसं आठवतं तसं लिहितोय. दोन्ही बाजू सारख्या तोलून मांडल्यात असं म्हणवत नाही, कारण लिहिणारा मीच आहे. पण मजकूर आक्काला वाचायला दिला होता. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेली बाई. तिने लाल पेनाने दोन ठिकाणी 'असं म्हटलं नव्हतं' लिहून परत केला. त्या जागा दुरुस्त केल्या आहेत.

मी बाटली फिरवली. आमच्या धंद्यात पुढची बाजू कुणी वाचत नाही. मागे, बारकोडच्या वर, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती आणि तिच्याखाली चौदा आकडी परवाना क्रमांक.

"चष्मा लाव आणि एवढी ओळ वाच."

तिने वाचली. पुन्हा वाचली. "औषधी वापरासाठी नाही."

"आणि खालचा परवाना अन्नाचा आहे. औषधाचा नाही."

"मग पुतणसून सांगते ते? साखर उतरते, गुडघ्यातलं वंगण वाढतं..."

"बाटलीवर दाखव मला."

"बाटलीवर कशाला असेल? ते हॉलमध्ये सांगतात."

"तेच तर! बाटलीवर लिहिलं तर पकडले जातील, म्हणून तोंडाने सांगतात. खरं तर तोंडीही सांगता येत नाही. १९५४चा कायदा आहे, औषधं आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरचा. त्याला ५४ दुखण्यांची यादी जोडलेली आहे, मधुमेह त्यात आहे. 'हे आम्ही बरं करतो' अशी त्यांची जाहिरातच करायची नाही. आणि जाहिरात म्हणजे काय, तर पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, शिवाय प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साधनाने केलेली घोषणा."

"धूर?"

"असंच लिहिलंय."

आक्काला ते फार आवडलं. "कुणीतरी विचार करून बसलं होतं म्हणायचं. मग शिक्षा?"

"पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. पण तक्रार कोण करणार? हॉलमध्ये बसलेली माणसं एकमेकांची सोयरी. तुला बाटली कुणी दिली? दाजींच्या पुतण्याच्या बायकोने. तिच्यावर तू तक्रार करशील?"

"वेडा आहेस का? पोरीने या पैशांतून मुलाच्या क्लासची फी भरली."

या धंद्याची खरी मेख इथे आहे. माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक 'नको' म्हणून निघून जातं आणि मला काही वाटत नाही. आक्काला 'नको' म्हणायचं तर ते रसाला म्हणता येत नाही, पुतणसुनेलाच म्हणावं लागतं. बाटली नाकारली की दिवाळीला येणारं माणूस कमी होतं. जाहिरातीवर कोट्यवधी ओतणाऱ्या कंपन्यांनाही जे विकत घेता येत नाही ते इथे फुकट मिळतं: नातं.

हॉलमधलं काय काय झालं ते आक्काने रंगवून सांगितलं. रविवारी सकाळी दहाला, एका मंगल कार्यालयात. आधी टाळ्यांचा व्यायाम. मग एका टेबलावर लॅपटॉप, त्याला वायर, वायरीला पितळी दिसणारी दांडी. दांडी मुठीत धरायची आणि एक मिनिट बोलायचं नाही. यंत्रातून तीस पानं निघतात: हृदय, यकृत, हाडं, व्हिटॅमिनं, अगदी डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांपर्यंत.

"दांडी द्यायच्या आधी काय काय विचारलं?"

"नाव, वय, उंची, वजन. बाई की पुरुष."

"अडुसष्ट वर्षांची बाई, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. आता दांडी नसती तरी गुडघे आणि साखर तूसुद्धा ओळखली असतीस."

"म्हणजे उत्तर प्रश्नातच होतं."

"आमच्या गल्लीत असंच शिबिर होतं. मी दोनदा रांगेत उभा राहिलो. एकदा खरं वय सांगितलं, दुसऱ्यांदा मुलाचं. तिशीत माझं यकृत एकदम सुधारलं."

ती हसली, पण मग गप्प झाली. जरा वेळाने म्हणाली, "तू यंत्राचं सांगितलंस ते कळलं. पण तिथे आणखी एक असतं. शेवटी ज्याला गुण आलाय त्याने उभं राहून अनुभव सांगायचा. मला म्हणाले, बाई, तुम्ही सांगा. माइक दिला. दहा वर्षं झाली मला निवृत्त होऊन. समोर शंभर माणसं, आणि सगळी गप्प बसून ऐकतायत. तुझ्या त्या डॉक्टरकडे मी 'पायऱ्या उतरताना जास्त' एवढं म्हणेपर्यंत त्याचं लिहून झालेलं असतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. त्या डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडेच येते. दिवसाला किती येतात ते मला ठाऊक आहे, म्हणून त्यांना दोष देववत नाही, आणि आक्कालाही देववत नाही.

"अनुभवात काय सांगितलंस?"

"खरं तेच. पूर्वी जिना चढवत नव्हता, दोन महिने रस घेतला, आता चढते. गुण आला."

"किती?"

"किती म्हणजे?"

"जन्मभर पोरांना गुण देत आलीस, आणि स्वतःच्या गुडघ्याला नुसता शेरा? गुण आला म्हणजे किती आला? दहापैकी?"

ती मजेत आली. फळ्यापुढे उभं राहिल्यासारखी ताठ बसली. "बरं. पूर्वी दुखणं दहापैकी आठ होतं. आता पाच धर."

"आठ कधी होतं?"

"फेब्रुवारीत. त्या आठवड्यात तर खाटेवरून उठवत नव्हतं, म्हणून तर पोर बाटली घेऊन आली."

"आणि डिसेंबरात?"

"डिसेंबरात..." ती थांबली. "डिसेंबरात बरं होतं की. तुझ्या मुलाच्या लग्नात नाचले नव्हते का मी?"

"म्हणजे रस सुरू केला तो दुखणं सगळ्यांत वर असताना. सांध्याचं दुखणं चढतं-उतरतं. शिखरावर असताना माणूस जे काही घेईल, रस, लेप, अंगारा, माझ्याकडची गोळी, त्याच्यानंतर दुखणं उतरतंच. उतरण्याचं श्रेय त्या वेळी हातात जे असेल त्याला मिळतं."

मला वाटलं ती भांडेल. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "पहिल्या चाचणीत सगळ्यांत कमी गुण पडलेल्या पोरांना मी वर्गाबाहेर उभी करायचे. दुसऱ्या चाचणीत त्यातली बरीचशी वर यायची. मला वाटायचं, शिक्षा लागू पडली. आणि पहिल्या आलेल्यांना शाबासकी दिली की ती हमखास घसरायची. मग मी शाबासकी द्यायचीच बंद केली. किती वर्षं, बाळ! ती पोरं शिक्षेशिवायही वर आली असती."

हे मी तिला शिकवायला गेलो होतो. तिने ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझी जिंकण्याची हौस जरा ओसरली.

पण आक्का हार मानून बसणारी नव्हे. चहाचा कप खाली ठेवला आणि तिने मोर्चा वळवला.

"माझी बाटली झाली. आता तुझी खतावणी काढू. दाजींना दम्यासाठी हैदराबादला मासा गिळायला नेलं, तीन वर्षं लागोपाठ, याच मृगाला. तिकिटं कुणी काढली?"

मीच काढली होती. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर रात्रभर रांग. हाताच्या बोटाएवढं मरळ माशाचं जिवंत पिल्लू, त्याच्या तोंडात पिवळा लगदा, आणि ते गपकन रुग्णाच्या घशात. ज्यांना मासा चालत नाही त्यांना गुळात. कृती त्या घराण्याने गुपित ठेवलेली.

"तिथे एक पैसा घेतला नाही कुणी," आक्का म्हणाली.

"म्हणूनच मी तेव्हा भांडलो नाही. पण एक लक्षात आलं का? आधी त्याला औषध म्हणत. आक्षेप आले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, मग प्रसाद म्हणायला लागले. औषधाला हिशेब मागता येतो. प्रसादाला हात जोडायचे."

"आणि जोडलेले हात तुला खुपतात."

"हात नाही खुपत. दाजींनी त्या भरवशावर पंप बंद केला, आणि डिसेंबरात रात्री दोन वाजता आपण त्यांना रिक्षात घालून सिव्हिलला नेलं, ते खुपतं."

ती काही बोलली नाही. ती रात्र आमच्या दोघांच्या वाट्याची आहे.

"बरं," तिने सूर बदलला, "२०२०. तुझ्या काउंटरवर काय काय होतं?"

काय नव्हतं? काढ्याची पाकिटं, गुळवेलीच्या गोळ्या, हळदीचे थेंब, झिंक, व्हिटॅमिन सी. त्याच जूनमध्ये हरिद्वारहून कोरोनावरचा म्हणून गोळ्यांचा संच वाजतगाजत बाजारात आला. आपल्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी तो महाराष्ट्रात विकू देणार नाही असं जाहीर केलं, तरी रोज दहा माणसं विचारायला यायची आणि 'नाही' म्हटलं की मी काहीतरी दडवून ठेवल्यासारखी बघायची. (पुढे, एप्रिल २०२४मध्ये, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयाने त्याच कंपनीला वृत्तपत्रांतून माफी मागायला लावली. माफीनामा जाहिरातींएवढाच मोठा छापलात का, अशीही विचारणा केली. छापील अक्षरांचा आकार हाही पुरावा असतो, हे मला बाटल्यांच्या पाठी वाचून ठाऊक होतं.) तो संच मी ठेवला नाही. बाकीचं सगळं विकलं. मार्जिन चांगलं होतं.

"गुळवेल आई पण द्यायची," मी म्हणालो. "पण आई वीतभर कांडं ठेचून तापात दोन-तीन दिवस द्यायची. २०२०मध्ये लोक ती महिनोन् महिने, तब्येत चांगली असताना, रोज घ्यायला लागले. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेणारे. त्यांनी ते लिहून छापलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की, वनस्पती कोणती ते नीट तपासलेलंच नाही. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची असेल. मग देशभरातल्या रुग्णालयांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले."

"कोट्यवधी लोकांनी प्यायलेली गोष्ट, आणि ४३?"

"अंश ४३. छेद कुणाला ठाऊक आहे? कुणी मोजलाच नाही."

"मग 'फार धोका आहे' असंही तुला म्हणता येत नाही."

"नाही येत."

"लिहून ठेव. तू 'नाही येत' म्हणालास."

लिहिलं आहे.

त्यानंतर तिने जो प्रश्न विचारला तो मला कुणीतरी कधीतरी विचारणार हे माहीत होतं. "आणि रेमडेसिवीर?"

एप्रिल २०२१. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, बाहेर रांग. एक माणूस रुमालात बांधलेल्या नोटा काउंटरवर ठेवून उभा होता. मोजल्या नव्हत्या. म्हणाला, असतील तेवढ्या घ्या. माझ्याकडे एकही इंजेक्शन नव्हतं. पुरवठा जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यात गेला होता आणि माल थेट दवाखान्यांना जायचा. त्याला ते पटेना. त्याच्या मागच्या बाईच्या हातात बांगड्या होत्या. घातलेल्या नव्हत्या, मुठीत धरलेल्या. आणि जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्येच म्हटलेलं होतं की, दवाखान्यात दाखल रुग्णांना हे इंजेक्शन द्यावं अशी शिफारस करता येत नाही, जीव वाचतो असं दिसत नाही. मी ते वाचलं होतं. त्या माणसाला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तुमच्या भावाला जे डॉक्टरांनी लिहून दिलंय त्याचा फारसा उपयोग नाही, असं मेडिकलवाल्याने सांगायचं? मी 'मिरजेला बघा' म्हणालो.

"ते तुमचं शास्त्र," आक्का म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "माझी बाटली साडेअकराशेची."

"हो. भीतीचा बाजार दोन्हीकडे सारखाच चालतो. ते मी नाकारत नाही."

"मग फरक कुठे उरला?"

फरक सांगायला मी जे.जे.पासून सुरुवात केली, आणि ते ऐकून तिला वाटलं की मी तिच्याच बाजूने बोलतोय. १९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी रसायन होतं, आणि एकामागून एक मूत्रपिंडं बंद पडत गेली. औषध परवान्याचं, रुग्णालय सरकारी, खरेदी रीतसर. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्यातली एकेक कडी उघडी पाडली: पुरवठादार, अधिकारी, मंत्रालय. मी तेव्हा डी.फार्म. करत होतो. आमच्या सरांनी वर्गात आयोगाच्या बातम्या वाचून दाखवल्या होत्या.

"बघ, म्हणजे तुमच्याकडेही विष."

"आमच्याकडेही विष. पण ते कळलं कसं? रुग्णांचे केसपेपर होते. कोणाला काय दिलं, कधी दिलं, पुढे काय झालं, लिहिलेलं होतं. डॉक्टरांना दिसलं की, मरतायत त्यांच्यात ही एक गोष्ट समान आहे. बाटलीवर बॅच नंबर होता. आता तुझ्या हॉलमध्ये बघ. शंभर माणसं बसलीत. ज्यांना गुण आला ते उभे राहून बोलतात. ज्यांना आला नाही ते कुठे आहेत?"

"ते पुढच्या रविवारी येत नाहीत."

"संपलं. त्यांची वहीच नाही. माझ्या दुकानातही ती पूर्ण नाही, मी काही मोठा साव नाही. पण कुठेतरी कुणीतरी ती ठेवतं, म्हणून रेमडेसिवीरचं कळलं, ग्लिसरीनचं कळलं, गुळवेलीचंही कळलं."

"झाडपाला म्हणजे थापच, असं तुला म्हणायचंय."

"अजिबात नाही. सर्पगंधेचं मूळ लोक पिढ्यान् पिढ्या वापरत होते. डॉक्टर रुस्तम वकील, आपल्या मुंबईच्या के.ई.एम.मधले. त्यांनी ते रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, दाब मोजून, आकडे लिहून १९४९मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापलं. जगभर गाजलं. त्याच मुळातून पुढे रेसरपिन निघालं. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की, काही रुग्ण ते घेऊन खिन्न होतात, आणि चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. आता बघ, मूळही आपलं, माणूसही आपला, आणि गुण-अवगुण दोन्ही वहीत. मला त्या मुळाबद्दल आदर आहे. तुझ्या बाटलीला ते मूळ पाठीशी उभं करायचा अधिकार नाही, एवढंच."

या शेवटच्या वाक्याला लाल पेनाने 'भाषण' असा शेरा आहे. राहू दे.

खरं तर मी त्या दुपारी गेलो होतो तो वेगळ्याच कारणाने. मृग हे निमित्त. आक्काच्या साखरेच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याच दुकानातून जातात. मी दोन महिन्यांची पाकिटं पाठवली होती, आणि मे महिन्यात तिचा फोन आला नव्हता. ज्याचा फोन येत नाही त्याच्याकडे गोळ्या उरलेल्या असतात, हे आमच्या धंद्यात लहान पोरालाही कळतं.

"डबा आण," मी म्हणालो.

"कसला?"

"गोळ्यांचा, आक्का."

तिने बिस्किटांचा जुना डबा आणला. पंधरा-पंधराच्या चार पट्ट्या, एकही गोळी न फोडलेली. पाचवी अर्धी.

"हॉलमध्ये गोळ्या बंद करा असं नाही सांगत," ती घाईने म्हणाली. "ते म्हणतात, हळूहळू गरजच उरत नाही."

"फार हुशार वाक्य आहे ते. बंद केल्यात तुम्ही, त्यांनी नाही."

मी आवाज चढवला होता, हे मान्य करतो. ती रडली नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिने मे महिन्याचं पान उलटलं आणि गोळ्या कधीपासून बंद आहेत ते मोजलं. मग म्हणाली, "तीन महिन्यांची साखर तपासू. उद्या. जानेवारीचा आकडा आहे माझ्याकडे, सात पूर्णांक दोन."

अहवाल तिसऱ्या दिवशी मिळाला. नऊ पूर्णांक एक. लॅबच्या बाकावर ती तो कागद खूप वेळ धरून बसली होती. शेवटी घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "साखरेत नापास. गोळ्या आजपासून. पण गुडघ्याची परीक्षा व्हायचीय."

"म्हणजे?"

"म्हणजे, रसाने गुडघ्याला काही होत नाही, हे तू म्हणतोस. दुखणं आपोआप उतरलं, हेही तूच म्हणतोस. सिद्ध कुठे केलंस? तुझा तर्क आणि माझा अनुभव, दोन्ही कच्चे."

पेपर तिनेच काढला. घरात रसाच्या नऊ रिकाम्या बाटल्या होत्या. चार धुऊन वाळवल्या. बाजारात जांभळं आली होती. त्यांचा रस, कोकमाचं आगळ आणि कडवटपणाला चिमूटभर त्रिफळा, असं मिश्रण रंगाला आणि चवीला इतकं जवळ आलं की मला बाटलीवाल्यांच्या नफ्याचा अंदाज आला. वासात फरक होता.

"वासाचं काय?"

"मी तसाही नाक धरूनच पिते."

बाटल्या कुणी भरायच्या यावर वाद झाला. मी भरणार होतो. ती म्हणाली, तू नाही, तुझा चेहरा बोलतो. पुतणसून नको, तिचाही बोलेल. शेजारची बारावी सायन्सची पोर ठरली. कुठल्या बाटलीत खरा रस आणि कुठल्यात जांभूळ, ते तिने एका चिठ्ठीवर लिहून कंपासपेटीत ठेवलं. बाटल्यांवर फक्त अ आणि ब. एक आठवडा अ, एक आठवडा ब, मग पुन्हा अ, पुन्हा ब. गोळ्या रोज, त्यात फरक नाही. रोज रात्री जेवणानंतर पंधरा पायऱ्या चढून-उतरून दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा.

"एकाच माणसावर चार आठवडे, यातून जगाला काही कळत नाही," मी म्हणालो.

"जगाला कशाला? मला कळू दे. आणि एक अट आहे."

"काय?"

"तुझ्या पुढच्या फळीवर पावडरीचे डबे आहेत. ताकद, प्रतिकारशक्ती, उंची. उंचीवालासुद्धा आहे, मी बघितलाय. तुझ्या त्या ५४च्या यादीत उंची आहे का?"

आहे. माणसाची उंची यादीत आहे. डब्यावर अर्थातच 'वाढवतो' असं लिहिलेलं नाही. डब्यावर पट्टीशेजारी उभा राहिलेला हसरा मुलगा आहे.

"परीक्षा व्हायची तर दोघांची," आक्का म्हणाली. "ते डबे मागे ठेव. कुणी मागितलं तर दे, पण स्वतःहून पुढे करायचे नाहीत."

मी 'बघतो' म्हणालो. त्या डब्यांवर दहाला दोन फुकट आहेत, आणि कंपनीच्या एमआरने पुढची फळी भाड्याने घेतल्यासारखी सजवून दिली आहे, वर दिवा लावून.

आता तिसरा आठवडा चालू आहे. रोज रात्री नऊच्या सुमारास फोन वाजतो.

"आज चार," ती सांगते. कधी पाच. परवा पाऊस झाला तेव्हा सात. अ चालू आहे एवढंच आम्हाला ठाऊक. अ म्हणजे काय ते कंपासपेटीला ठाऊक. पुतणसून येऊन गेली. आक्काने तिला सगळं सांगितलं. पोर जरा रुसली, पण चहा घेऊन गेली आणि जाताना निकाल कळवा म्हणाली.

आकडा सांगून झाला की आक्का विचारते, "डबे हलवले का?"

"उद्या."

काल तिच्याकडे गेलो तेव्हा कालनिर्णय बघितलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात लाल पेनाने दोन आकडे आहेत. वरचा गुडघ्याचा. खालचा काय आहे ते विचारलं, तर म्हणाली, तुझे गुण. सगळ्या चौकोनांत शून्य आहे.